टॉनिकच्या बाटलीआधी परतून भाजी

‘डॉक्टर, फार थकवा येतो, एखादे टॉनिक लिहून द्या,’ ही मागणी दवाखान्यात रोजचीच. मागणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया असतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. पाळीतील जादा रक्तस्राव, जंत, लागोपाठची बाळंतपणे ही कारणे आहेतच, पण ताटात काय पडते हेही मोठे कारण आहे. पौष्टिक म्हणजे महाग, अशी आपली पक्की समजूत. आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंदे नेतात, पण त्यांत लोह नगण्य असते. त्याच पैशांत आठवडाभराची पालेभाजी येते आणि आठवडे बाजार उठायच्या वेळी गेलात तर आणखी स्वस्त.

ही भाजी परतूनच करावी. चौघांसाठी एक मोठी जुडी मेथी, तांदुळजा, शेपू किंवा राजगिरा घ्यावा. अर्धी वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवावी. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून पाण्यात घातली की ‘क’ आणि काही ‘ब’ जीवनसत्त्वे पाण्याबरोबर मोरीत जातात. उकडून पाणी पिळून टाकण्याची पद्धत त्याहून वाईट. लोखंडी कढईत चहाचे चार चमचे तेल तापवून मोहरी, लसूण, मिरचीची फोडणी द्यावी. डाळ परतून पाण्याचा हबका मारून पाच मिनिटे झाकावी. मग भाजी घालून मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटे परतावी. पाला स्वतःच पाणी सोडतो, वरून ओतू नये. हिरवा रंग राहावा म्हणून खायचा सोडा तर मुळीच नको, त्याने जीवनसत्त्वे नाश पावतात. मीठ शेवटी घालावे, कारण कढईभर दिसणारा पाला बसून वाटीभर होतो आणि आधी अंदाजाने घातलेले मीठ जास्त होते.

कढई उतरवल्यावर लिंबू पिळावे. ते चवीपुरते नाही. भाजीपाल्यातील लोह शरीरात फार थोडे शोषले जाते आणि ‘क’ जीवनसत्त्व ते शोषण वाढवते. याउलट चहा ते रोखतो, म्हणून जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा टाळावा. (हा सल्ला आमच्याकडे कोणाला आवडत नाही.) लोखंडी कढईतूनही थोडे लोह अन्नात उतरते. मात्र भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर काळी पडते.

डाळ का? ज्वारी-बाजरी-गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर. भाकरी आणि डाळ घातलेली भाजी एकमेकींची उणीव भरून काढतात. डाळ नसेल तर बेसन पेरावे, मोड आलेली मटकी घालावी, खाणाऱ्यांनी अंडे फोडून घालावे. शेंगदाण्याचा कूटही उत्तम, पण काळपट, बुरशी आलेले दाणे काटकसर म्हणून वापरू नयेत. त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि भाजून जात नाही. पालेभाजी महाग असेल तेव्हा कोबी, गवार, पडवळ याच रीतीने करावे. फ्लॉवरचा आणि मुळ्याचा कोवळा पाला आपण गुरांपुढे टाकतो. फ्लॉवरच्या गड्ड्यापेक्षा त्याच्या पाल्यात कॅल्शियम आणि लोह जास्त असते.

तेलाचा हिशेब महिन्याचा ठेवावा. माणशी दिवसाला 20 ते 25 ग्रॅम धरले तर चौघांना महिन्याला अडीच ते तीन किलो पुरते. बहुतेक घरांत याहून जास्त लागते. अगदी बिनतेलाचीही करू नये. पाल्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा घटक शोषला जायला थोडी स्निग्धता लागते.

एवढे करूनही जिला सर्वांत गरज, तिच्या वाट्याला भाजी येतच नाही. घरची बाई सर्वांमागून जेवते, तेव्हा कढईत उरतात त्या मिरच्या. सासूबाईंनी म्हणा, नवऱ्याने म्हणा, भाजी उतरताच तिची वाटी आधी बाजूला काढून ठेवावी. वाढत्या वयाच्या मुलीचीही.

हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गरोदरपणी 11 च्या खाली असेल तर मात्र नुसत्या भाजीवर विसंबू नये. लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात. अंगावरून जास्त जाणे, मूळव्याध, जंत यांची तपासणीही करून घ्यावी. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि रक्त न गोठण्यासाठी वॉरफेरिनची गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू किंवा बंद करू नये, आपल्या डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे.