मॅग्नेशियमची आग आणि पाणी

मॅग्नेशियमची फीत थंड पाण्याच्या पेल्यात टाकली, तर प्रथम काहीच घडत नाही. बराच वेळ निरीक्षण केल्यास तिच्या अंगावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे दिसतात, इतकेच. यावरून हा धातू शांत वृत्तीचा आहे असे मात्र समजू नये. पाण्याशी संयोग होऊन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार होते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्यामुळे त्याचा पापुद्रा धातूवर बसतो आणि पुढील क्रियेला आडकाठी होते. पाणी उकळू लागले, की ही क्रिया वेग घेते.

आम्लात हा पापुद्रा टिकत नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंवा सौम्य गंधकाम्लात फीत टाकताच द्रव फसफसू लागतो, परीक्षानळी हाताला गरम लागते आणि पाहता पाहता फीत नाहीशी होते. लिंबाच्या रसातही हेच घडते, पण संथपणे. नत्राम्लाची तऱ्हा निराळी आहे. धातूंशी क्रिया होताना त्यातून सहसा हायड्रोजन निघत नाही, नत्राची ऑक्साइडे निघतात. अतिशय सौम्य नत्राम्लातून मात्र मॅग्नेशियम हायड्रोजन मुक्त करू शकते.

हाच धातू पेटला म्हणजे त्याचे खरे सामर्थ्य प्रकट होते. (ती ज्योत उघड्या डोळ्यांनी एकटक पाहू नये.) प्राणवायूची त्याला इतकी ओढ असते, की पाण्याच्या वाफेतील प्राणवायूही तो हिरावून घेतो, सुटलेला हायड्रोजन मग स्वतःच पेटतो. कार्बन डायॉक्साइडने भरलेल्या बरणीतही तो जळत राहतो आणि पांढऱ्या राखेत कार्बनचे काळे कण उरतात. हवेतील नत्रवायूशीही त्याचा थोडा संयोग होतो. म्हणूनच ही राख ओली केली असता अमोनियाचा दर्प येतो.

११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ले माँ येथील मोटारशर्यतीत एक गाडी उडून प्रेक्षकांच्या बाजूस कोसळली व ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गाडीच्या सांगाड्याचे पत्रे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. बंबवाल्यांनी त्यांवर पाणी मारले, तेव्हा आग विझण्याऐवजी अधिकच भडकली.

अशी आग विझविण्यासाठी खास कोरडी चूर्णे वापरतात. त्यांपैकी एकाचा मुख्य घटक साधे मीठच असते. उष्णतेने त्याचे कवच बनून धातूचा हवेशी संबंध तुटतो. कोकणातील मिठागरांत मीठ काढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरते, त्यात मात्र मॅग्नेशियमचेच क्षार असतात.