हरवलेले ग्राफिक्स कार्ड



आजचा विषय या व्यासपीठाला थोडा परका वाटेल. परंतु लॅपटॉप आता घरोघरी आहे, आणि तो बिघडला म्हणजे दुरुस्तीवाल्याच्या एका शब्दावर आपण हजारो रुपये मोजतो. तो शब्द पारखून कसा घ्यावा, एवढेच सांगण्याचा आमचा मानस आहे.

प्रसंग आमच्या शेजारचा. वास्तुरचनेच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचे वर्षअखेरचे आराखडे आठ दिवसांवर आले होते. आणि त्रिमिती चित्रे काढताना तिचा लॅपटॉप एकाएकी गोगलगायीच्या चालीने चालू लागला. त्यातील स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे नाव कोठेच दिसेना. दुकानदाराने पाच मिनिटांत निकाल दिला: ‘कार्ड गेले, मदरबोर्ड बदला.’ खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक. वडील मुदतठेव मोडायला निघाले होते. तत्पूर्वी ते यंत्र आमच्यापुढे आले.

आता मुळात हे कार्ड म्हणजे काय? अशा लॅपटॉपमध्ये चित्र काढणारे दोघे असतात. एक प्रोसेसरच्या पोटातच बसलेला. तो मुख्य स्मृतीतूनच आपली गरज भागवतो. दुसरा स्वतंत्र, त्याची स्मृती वेगळी, ताकद मोठी आणि विजेची भूकही मोठी. घरचा रोजचा स्वयंपाक घरची माणसे करतात, लग्नकार्याला आचारी बोलावतात, तसाच हा प्रकार. २०१० मध्ये एन्व्हिडिया कंपनीने ‘ऑप्टिमस’ नावाची योजना आणली. तीत काम नसेल तेव्हा आचाऱ्याला झोपू देतात. आणि तो रांधू लागला तरी वाढण्याचे काम बहुधा घरच्यांकडूनच होते. म्हणून पडद्याच्या माहितीत केवळ प्रोसेसरमधील ग्राफिक्सचे नाव दिसले, तर घाबरण्याचे कारण नाही.

खरी चौकशी ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये करावी. तेथे ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ उघडले की चारांपैकी एक गोष्ट आढळते. नावावर खाली वळलेला बाण असेल, तर कार्ड कोणीतरी बंद केले आहे. ते चालू करावे. नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असेल, तर ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि विंडोज यांमधला दुभाषी, हजर नाही. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा घ्यावा. पिवळा त्रिकोण आणि ‘कोड ४३’ असेल, तर दोष दुभाष्याचा किंवा खुद्द चिपचा. आधी दुभाषी बदलून पाहावा. आणि नावच नसेल, तर ‘व्ह्यू’मधून लपलेली उपकरणे दाखवावयास सांगावे. फिकट अक्षरांत नाव उमटले आणि खाली ‘कोड ४५’ आला, तर अर्थ असा की कार्ड पूर्वी होते, आज जोडलेले नाही.

मुलीच्या यंत्रात नेमके हेच होते. दुकानदाराने येथेच मृत्यूचा दाखला लिहिला. परंतु ‘जोडलेले नाही’ म्हणजे ‘मेले’ नव्हे. काही लॅपटॉपांत बॅटरी वाचवण्यासाठी कार्डाचा वीजपुरवठाच तोडणारी सोय असते. कधी कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये, कधी बायोसमध्ये. म्हणून या दोन्ही जागा पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. बायोसला हात लावण्यापूर्वी मात्र बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरून ठेवावी. नाही तर कार्ड सापडेल आणि आपली कागदपत्रे कुलपात अडकतील. शिवाय प्रत्येक बदलानंतर ‘रीस्टार्ट’ करावे. नुसत्या ‘शट डाउन’ने विंडोज पुष्कळदा पुरते बंद होत नाही.

इतके करूनही नाव दिसेना, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवावे आणि ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्यावी. तेथे कार्ड दिसले तर दोष विंडोजकडे. तेथेही नाही, तर मात्र संशय चिपवर जातो.

चिपा मरतात, हेही खरे. जुलै २००८ मध्ये खुद्द एन्व्हिडियाने लॅपटॉपमधील आपल्या काही चिपांच्या बांधणीतील साहित्य कमकुवत असल्याचे सांगून, दुरुस्तीपोटी १५ ते २० कोटी डॉलरांचा खर्च हिशेबात धरला होता. आणि नावाला ‘कार्ड’ असले तरी बहुतेक लॅपटॉपांत ती चिप मदरबोर्डालाच डाखलेली असते. काढून दुसरी बसवणे सोपे नाही. चिप तापवून जिवंत करण्याचे उपायही बहुधा चार दिवसांचेच. अशा वेळी मोठा खर्च सांगणारा दुकानदार खोटा नसतो. आमची तक्रार किमतीविषयी नाही, घाईविषयी आहे.

त्या मुलीच्या लॅपटॉपात आम्ही कंपनीचा प्रोग्रॅम उघडला. वीजबचतीची कळ चालू होती. वसतिगृहात चार्जर विसरल्या दिवशी तिनेच ती दाबली होती. कळ फिरवली, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि कार्डाचे नाव ठळक अक्षरांत परत आले. एक पैसा लागला नाही. ठेव शाबूत राहिली, आराखडेही वेळेवर गेले.

तेव्हा दुरुस्तीवाल्याला एकच प्रश्न विचारावा: ‘कार्ड गेले, हे कशावरून ठरवलेत?’ जाणकाराला या प्रश्नाचा राग येत नाही. तो तपासाच्या पायऱ्या सांगतो. आणि ज्याला त्या सांगता येत नाहीत, त्याच्या शब्दावर ठेव मोडू नये.