गवती चहाचे तेल आणि छातीतली गाठ



मागच्या महिन्यात एका गावी गवती चहाच्या लागवडीवर बोलून निघालो होतो. इतक्यात एक पन्नाशीची बाई पदर सावरत जवळ आली. "सायेब, ह्या तेलानं गाठ जिरती म्हनं. माज्या जावंच्या छातीत गाठ हाय. चार म्हैने झालं, तेल चोळतीया." बाजारात तेल विकणाऱ्याने 'हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' असे तिला सांगितले होते.

आता यात खरे किती ते पाहू. गवती चहाच्या तेलात साधारण पाऊण भाग सिट्रल नावाचे द्रव्य असते. पातीला लिंबाचा वास येतो तो त्याचाच. प्रयोगशाळेत हे सिट्रल स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर टाकले असता पेशी मरतात, हे संशोधकांना दिसून आले आहे. पण त्या पेशी काचेच्या बशीत वाढवलेल्या असतात. तेथे औषध थेट पेशीवर पडते. शरीरात ते गाठीपर्यंत पुरेसे पोचले पाहिजे आणि चांगल्या पेशींना इजाही होता कामा नये. बाटलीतल्या बोंडअळीवर रॉकेल ओतले तर ती मरते. म्हणून आपण कपाशीवर रॉकेल फवारतो का?

वनस्पतीपासून कर्करोगाचे औषध निघतच नाही, असे नव्हे. आपल्या दारातली सदाफुली घ्या. मधुमेहावर तिचा उपयोग होतो का, हे पाहताना कॅनडातील संशोधकांना १९५८ च्या सुमारास तिच्यात व्हिनब्लास्टिन हे द्रव्य सापडले. ते शुद्ध करून, मात्रा ठरवून, रोग्यांवर पारखून मगच औषध झाले. आजही डॉक्टर ते शिरेतून मोजून देतात. सदाफुलीची पाने चावून मात्र विषबाधा होऊ शकते. सुगंधी तेलांपैकी एकही तेल स्तनाच्या कर्करोगावरचे औषध म्हणून अजून या कसोटीला उतरलेले नाही.

मग घरच्या बाईने काय करावे? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाखावर स्त्रियांची वीस वर्षे केलेली पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली, तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले.

तेव्हा छातीत किंवा काखेत गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आले, तर लाजू नका. गाठ दुखत नाही म्हणूनही थांबू नका. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची तेथेच चौकशी करा.

गवती चहा बांधावर जरूर लावा. चहात घाला, तेल काढून विका. साबणाला, अत्तराला ते लागते.

त्या जावेला दुसऱ्याच दिवशी आरोग्य केंद्रात नेले, तेथून जिल्हा रुग्णालयात. उपचार चालू आहेत. तेल चोळण्यात गेलेले चार महिने मात्र तिला कोणी परत देऊ शकत नाही.