सशाची खाज व केसगळती

दिलसुखनगरसारख्या दाट वस्तीत गाय-शेळी पाळायला जागा नाही; पण गच्चीवर किंवा बाल्कनीत पिंजरा ठेवून मुलांच्या हौसेखातर ससा पाळता येतो. अशा सशाचे केस जाऊ लागले की घरातले लोक हाताशी असेल ते तेल चोळतात. वाचकांना आमचे सांगणे एवढेच, की आधी कारण ओळखावे, मग औषधाकडे वळावे.

केस गेले म्हणजे रोगच झाला असे नाही. ससा वर्षातून काही वेळा जुने केस टाकतो. त्या वेळी खालची कातडी स्वच्छ असते, नवे केस दिसतात व खाज नसते. मादी पिलांसाठी घरटे करताना छातीचे व पोटाचे केस स्वतःच उपटते. गाभण नसतानाही कधी कधी ती असे करते. सुमारे अडीच आठवड्यांत ते आपोआप थांबते.

रोगाची लक्षणे निराळी असतात. नाक, ओठ, कानांच्या कडा व पंजे यांवर पांढरट-करड्या खपल्या धरल्या आणि ससा सारखा खाजवू लागला, तर ती खरूज समजावी. कानाच्या आत तपकिरी खपल्यांचे थर साचून तो डोके झटकत असेल, तर कानातील किड्यांचा उपद्रव असतो. मानेमागे व पाठीवर दाट कोंडा दिसला, तर तेही बहुधा सूक्ष्म किड्यांचेच काम. गोल चट्टा पडून त्यावर कोंडा आला, तर गजकर्णाचा संशय घ्यावा. हनुवटीखाली ओल राहून केस गेले असतील, तर दात तपासून घ्यावेत. वाढलेल्या दातांमुळे लाळ गळते. शेपटीखालचा भाग मुताने भिजत असेल, तर पावसाळ्यात तेथे माशा अंडी घालतात व अळ्या पडतात. अशा वेळी एक दिवसही थांबू नये.

आता काय करू नये ते सांगतो. ससा आपले अंग चाटतो; म्हणून अंगावर लावलेले रॉकेल किंवा फिनेल त्याच्या पोटात जाते व विष ठरते. कुत्र्याच्या पिसवांसाठी मिळणारे फिप्रोनिलचे थेंब सशाच्या जिवावर बेततात. माणसांच्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या दिल्यास त्याच्या आतड्यातील उपयोगी जंतू मरतात व ससा दगावू शकतो. उन्हाळा कितीही कडक असला तरी त्याला आंघोळ घालू नये. तो घाबरून गारठतो.

खरजेवर आयव्हरमेक्टिन हे गुणकारी औषध आहे. त्याच्या शोधासाठी ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण मात्रा वजनावर ठरते. जनावरांच्या एक टक्क्याच्या इंजेक्शनात १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते, आणि २ किलोच्या सशाला साधारणपणे १ मिलिग्रॅमहूनही कमी लागते, म्हणजे १ मिलिलिटरच्या दहाव्या भागाहूनही कमी! हे काम अंदाजाने करण्यासारखे नाही. डॉक्टर खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात व मग औषध देतात. किड्यांची अंडी त्या औषधाने मरत नाहीत, म्हणून बहुधा दोन आठवड्यांनी पुन्हा मात्रा द्यावी लागते. ससा बरा दिसला तरी ती चुकवू नये. घरातील सर्व सशांवर एकाच वेळी उपचार करावेत, पिंजरा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा व जुने अंथरूण फेकून द्यावे.

खरूज व गजकर्ण माणसांनाही लागतात. ससा बरा होईपर्यंत मुलांनी त्याला कवटाळू नये, हात साबणाने धुवावेत. मुलाच्या अंगावर चट्टा किंवा पुरळ दिसल्यास डॉक्टरांना दाखवताना घरात ससा आहे हे अवश्य सांगावे.

आपल्या शहरात नारायणगुडा येथे सरकारी पशुचिकित्सालय आहे व राजेंद्रनगरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सशाला झाकलेल्या, हवेशीर टोपलीत घालून सकाळच्या गारव्यात न्यावे. एरवी पिंजरा कोरडा, बुडाशी सपाट फळी आणि खायला भरपूर वाळलेले गवत, एवढी काळजी घेतली तर यातील बरीच दुखणी टळतात. ससा दुखले तरी ओरडत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा त्याचे कान, पंजे व पोट उजेडात पाहावे. हे काम मुलांवर सोपवू नये, मोठ्यांनी करावे.