मांजर डिटेक्टिव्ह आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी

मुलांनो, तुमच्या घरी मांजर आहे का? असेल तर सांगा पाहू, तिने आजवर एखादी चोरी पकडली आहे का? आमची मनी तर स्वतःच चोर! दुधाचं पातेलं उघडं दिसलं की संपलंच.

पण अमेरिकेत लिलियन जॅक्सन ब्राऊन नावाच्या एक आजी होत्या. त्यांच्या रहस्यकथांत कोको नावाचा सयामी बोका गुन्हे शोधायला मदत करतो. तो फळीवरून नेमकं एखादं पुस्तक खाली पाडतो आणि त्याच्या मालकाच्या, म्हणजे एका पत्रकाराच्या, डोक्यात प्रकाश पडतो! १९६६ साली या मालिकेचं पहिलं पुस्तक आलं आणि पुढे तब्बल २९ कादंबऱ्या झाल्या. खून होतो, पण रक्ताचे पाट वाहत नाहीत. छोटंसं गाव, उबदार घर, शहाणं मांजर. चहा पीत पीत वाचावं असं सगळं.

अंधेरीच्या आमच्या शाळेत मी चौथीच्या वर्गाला ही गंमत सांगितली आणि म्हटलं, "चला, अशा गोष्टीची नक्कल करून दाखवा!" अशा थट्टेच्या नकलेला विडंबन म्हणतात.

दुसऱ्या दिवशी एकाने वही उघडून वाचायला सुरुवात केली. 'मनीने शेपटी हलवली. इन्स्पेक्टर थरथरला. मनी मिशी फेंदारून म्हणाली, म्यांव, म्हणजे खुनी याच खोलीत आहे!' वर्ग खो खो हसला. मीही हसले. मग मनी वास काढत निघाली आणि 'रोज डब्यात बोंबील आणणाऱ्या घाणेरड्या मुली'पाशी येऊन थांबली. सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथली मुलगी खाली बघत होती. माझं हसू मात्र एक क्षण उशिरा थांबलं. तो एक क्षण मला अजून टोचतो.

त्या मुलाला वाईट वाटलं, पण त्याने प्रश्नही विचारला, "बाई, मग हसायचं तरी कोणावर?"

प्रश्न खरा होता. उत्तरासाठी मी आचार्य अत्र्यांची गोष्ट सांगितली. अत्रे हे पुण्यातल्या एका शाळेचे हेडमास्तर. 'केशवकुमार' या नावाने त्यांनी 'झेंडूची फुले' हा विडंबन कवितांचा संग्रह लिहिला. नावच बघा! गुलाब नाही, मोगरा नाही, झेंडू! त्या काळच्या कवितेतले उसासे, अश्रू, जड जड शब्द यांची त्यांनी अशी टोपी उडवली की शंभर वर्षं होत आली तरी लोक त्या ओळी म्हणून हसतात.

अत्र्यांचे टोले काही हळू नव्हते हं! पण ते कोणाला बसत होते? नावाजलेल्या कवींना. उत्तर द्यायला त्यांच्याही हातात लेखणी होती. आणखी एक गोष्ट. ज्या कवितेची नक्कल करायची, ती आधी नीट यावी लागते. वृत्त चुकलं की विडंबन फसलंच. म्हणजे चांगली थट्टा करणाऱ्याला आधी चांगला वाचक व्हावं लागतं.

मग मी मुलांना एक कोडं घातलं. २००३ साली रॉबर्ट कॅपलो या अमेरिकन लेखकाने कोकोच्या कथांचं विडंबन छापलं. गंमत म्हणजे तोही शाळेत शिकवणारा! पुस्तकाच्या नावातच मांजराने लिलियनबाईंना ठार केलं होतं आणि आत आचरट विनोदांची रेलचेल होती. त्या वेळी बाई हयात होत्या, वय नव्वद. काही वाचक हसले, पण मांजरांवर आणि बाईंवर प्रेम करणारे कितीतरी चिडले. (बाई पुढे २०११ साली, ९७ व्या वर्षी वारल्या.)

वर्गात लगेच दोन तट पडले. "त्या प्रसिद्ध होत्या, मग थट्टा चालते," असं एक तट म्हणाला. "बोक्याची करा, आजींना कशाला मारायचं?" असं दुसरा. भांडण तास संपेपर्यंत मिटलं नाही. मीही मिटवलं नाही.

पण तिसऱ्या बाकाबद्दल दुमत नव्हतं. त्या मुलीच्या हातात उत्तर द्यायला काय होतं? फक्त डबा.

पुढच्या आठवड्यात त्या मुलाने गोष्ट पुन्हा लिहिली. आता मनी वेसाव्याच्या कोळीवाड्यात तपासाला जाते. बोंबील चोरीला गेलेत! वाचता वाचता तो अडला, कारण बोंबील वाळवतात कसे हेच त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "अरे, बांबूच्या मांडवावर टांगतात! आणि मांजर तिथे आली, तर तपास नाही करणार, जेवून जाईल!"

म्हणजे चोर सापडला होता. डिटेक्टिव्हच! वर्ग हसला आणि सगळ्यात मोठ्याने ती हसली.

तर मुलांनो, तुम्हीही एक विडंबन लिहून बघा. लिहून झालं की ते ज्याच्यावर आहे, त्याच्यासमोर मोठ्याने वाचा. आई-बाबांनो, तुम्हीही ऐकायला बसा. आणि हसण्याआधी एकदा तिसऱ्या बाकाकडे बघा.