उरलेल्या लोकरीचा संसार

पौषाची चाहूल लागली की कोलकाता शहर लोकरीचे वस्त्र पांघरते. तेथील थंडी तशी सौम्यच. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारणतः १३-१४ अंशांपर्यंत उतरतो आणि सरस्वतीपूजेच्या सुमारास थंडी ओसरूही लागते. परंतु त्या चार-सहा आठवड्यांचे कोडकौतुक बंगाली कुटुंबे मोठ्या हौसेने करतात. वेलिंग्टन चौकात, म्हणजे आताच्या राजा सुबोध मल्लिक चौकात, पहाडी आणि तिबेटी विक्रेते लोकरीच्या कपड्यांची दुकाने मांडतात. कान-मान झाकणारी 'मंकी टोपी' आजोबांच्या मस्तकी विराजमान होते, आणि उन्हात बसलेल्या आजीच्या हाती सुया दिसू लागतात.

थंडी थोडी आणि लोकर उदंड, असा हा प्रकार असल्यामुळे घरोघरी एक प्रश्न उभा राहतो. मूल वाढते, स्वेटर वाढत नाही. दोन हिवाळे झाले की तो आखूड होतो आणि पेटीच्या तळाशी जातो. विणून उरलेले लोकरीचे लहानसहान गुंडेही तेथेच पडून राहतात. वाचकहो, आपले घर कोलकात्यात असो, नागपुरात असो वा बेळगावात, अशी एखादी पेटी आपल्याकडेही असेलच. तिच्यातून घरातील मुलांसाठी काय निर्माण करता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

इवल्याशा मूर्तीसाठी इवलेसे वस्त्र विणण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. बंगालमधील अनेक घरांत बाळगोपाळाची सेवा असते. थंडी पडली की वितीएवढ्या त्या गोपाळालाही लोकरीचा अंगरखा आणि टोपी चढविली जाते. घरच्या बाळाला जसे वाजते तसेच त्यालाही वाजत असणार, ही त्यामागची भावना. महाराष्ट्रात तरी निराळे काय आहे? पुण्याच्या सारसबागेतील गणपतीला थंडीत स्वेटर आणि कानटोपी घालतात, आणि ते रूप पाहण्यासाठी लोक मुद्दाम जातात. पंढरपुरी विठुरायालाही थंडीच्या दिवसांत उबदार पोशाख केला जातो. ज्याच्यावर माया करावयाची त्याला ऊब द्यावयाची, ही रीत मूल आपोआप उचलते, आणि आपल्या बाहुलीसाठी आईपाशी झबले मागते.

ही मागणी आपण कशी पुरवितो, याला मात्र फार महत्त्व आहे. आज बाजारात बाहुलीसह तिचे तयार कपडे, बूट आणि कंगवेसुद्धा मिळतात. त्यांत वाईट काही नाही. पण तयार वस्तूने मुलाला निवडण्याचे सुख मिळते, घडविण्याचे मिळत नाही. याच्या उलट टोकही तितकेच टाळण्याजोगे आहे. आई सारे आपणच सुबकपणे विणते आणि मूल शेजारी बसून नुसते पाहत राहते. तयार वस्तू बाजारातून आली काय किंवा आईच्या हातून आली काय, मुलाचा हात रिकामाच राहिला! तेव्हा या कामात वस्तू किती सुरेख झाली यापेक्षा मुलाने त्यात काय ठरविले, काय मोजले, काय चुकविले आणि काय उसवून पुन्हा केले, हे मोलाचे मानावे.

कोलकात्यातील एका थोर कलावंताने ही गोष्ट उतारवयात आपल्या कृतीने दाखवून दिली. अवनींद्रनाथ ठाकूर (१८७१–१९५१) हे आधुनिक भारतीय चित्रकलेच्या प्रवर्तकांपैकी एक. जोडासांकोच्या वाड्यात त्यांच्या आयुष्याचा बराचसा काळ गेला. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ते कुंचला बाजूला ठेवून वाळक्या फांद्या, मुळे, बांबूचे तुकडे आणि अशाच टाकाऊ जिनसा गोळा करू लागले. त्या तुकड्यांत त्यांना पक्षी, प्राणी, माणसे दिसत. एखादा तुकडा जोडावा, एखादा नुसताच उभा करावा, की खेळणे तयार! या खेळण्यांना त्यांनी 'कुटुम-काटाम' असे गमतीदार नाव दिले. बंगालीत 'कुटुम' म्हणजे सोयरे, आप्त. ज्या वस्तू इतरांनी कचरा म्हणून फेकल्या त्यांना या कलावंताने नातलग म्हणून घरात घेतले. लाकडावर आपला आकार लादायचा नाही, त्यात दडलेला आकार ओळखायचा, ही त्यांची दृष्टी होती. आपल्या पेटीतील गुंड्यांकडे आणि आखूड स्वेटरकडे त्याच दृष्टीने पाहू या.

लोकर पुन्हा कामाला लावणे

जुना स्वेटर उसवताना प्रथम शिवण सोडवावी आणि शेवटी जेथे टाके बंद केले असतील तेथून धागा ओढावा. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीवर किंवा मुलाच्या दोन पसरलेल्या हातांवर गुंडाळून तिची लड करावी. (हे काम मुलांना फार आवडते.) लड चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी, चोळू नये, पिळूही नये. मग ती सावलीत टांगून खाली हलकेसे वजन लावावे. वाळेपर्यंत लोकरीच्या बहुतेक वळ्या निघून जातात. विटलेला भाग कापून टाकावा. बाहुलीला लोकर लागते ती किती!

मापातून बेत

बाहुलीचे कपडे म्हणजे आकृतिबंधाची पहिली शाळाच होय. येथे चूक झाली तर अर्ध्या तासाचे काम वाया जाते, महिन्याचे नव्हे. म्हणून धीर करून स्वतःच बेत आखावा. बाहुलीला कागदावर उताणी निजवून, हात आडवे पसरून, मुलाकडून तिच्याभोवती पेन्सिल फिरवून घ्यावी. त्या रेषेबाहेर अर्धा सेंटिमीटर सोडून सदऱ्याचा आकार काढावा. हाच आपला नमुना.

आता एक लहानसा चौकोन विणून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. मध्यम जाडीची लोकर आणि १० नंबरच्या सुया असतील तर हा आकडा बहुधा २४ च्या आसपास येतो. हात घट्ट असेल तर वाढतो, सैल असेल तर घटतो. पुढचा हिशेब त्रैराशिकाचा आहे आणि तो चौथी-पाचवीतील मुलाने करावा. १० सेंटिमीटरला २४ टाके, तर ११ सेंटिमीटरला किती? उत्तर साधारण २६. शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक टाका धरून २८. पुस्तकातील गणित जेव्हा बाहुलीच्या अंगावर बरोबर बसते, तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो तो पाहण्याजोगा असतो.

सुमारे ३० सेंटिमीटर उंचीच्या आणि २० सेंटिमीटर छातीच्या बाहुलीसाठी एक साधा स्वेटर असा करता येईल :

पुढचा भाग : सुईवर २८ टाके घालावेत. एक सुलट, एक उलट अशी ४ ओळींची पट्टी विणावी. नंतर एक ओळ सुलट व एक ओळ उलट असे एकूण ६ सेंटिमीटर होईपर्यंत विणावे. आता बाह्यांसाठी पुढील दोन ओळींच्या आरंभी प्रत्येकी १० टाके नवे घालावेत; एकूण टाके ४८ होतील. याच विणीत ३ सेंटिमीटर वर जावे. मग गळ्यासाठी मधले १२ टाके बंद करावेत आणि दोन्ही बाजूंचे १८-१८ टाके निरनिराळे दीड सेंटिमीटर विणून बंद करावेत.

मागचा भाग : बाह्यांचे टाके वाढवून होईपर्यंत पुढच्यासारखेच विणावे. नंतर ४८ टाक्यांचे २४-२४ असे दोन भाग करून प्रत्येक भाग साडेचार सेंटिमीटर सरळ विणून बंद करावा. म्हणजे पाठीवर मध्ये फट राहील.

ही फट कशासाठी? बाहुलीचे डोके तिच्या अंगाच्या मानाने मोठे असते आणि तिचे हात आपल्यासारखे वळत नाहीत. फट नसेल तर स्वेटर डोक्यातून उतरणार नाही. मुलाला हे आधी सांगू नये. कागदी नमुना बाहुलीला घालून पाहण्यास सांगावे, म्हणजे अडचण त्याची त्यालाच सापडेल. शेवटी दोन्ही भाग खांद्यावर १८-१८ टाके जुळवून आणि बाजूंनी शिवावेत. फटीला बटण व धाग्याचा फासा लावावा. रंगांचा क्रम मुलाने ठरवावा. त्याने जांभळ्याशेजारी पोपटी मागितला तर नाक मुरडू नये. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर मात्र बटण किंवा मणी लावू नये, कारण ते तोंडात जाण्याचा धोका असतो. तेथे लोकरीचीच नाडी बांधावी, तीही आखूड असावी.

ज्या मुलाला अद्याप सुया धरता येत नाहीत त्याच्यासाठी बोटांवर साखळी विणण्याचा खेळ आहे. त्या साखळीचा बाहुलीला मफलर होतो, पट्टा होतो, झोपाळ्याची दोरीही होते. आणि हे सारे केवळ मुलींसाठी आहे असे कृपा करून समजू नये. मुलगा आपल्या अस्वलासाठी टोपी विणू लागला तर त्याला हसणाऱ्यांना आपणच थांबवावे.

जुन्यात नवे पाहणारे हात

बंगालच्या स्त्रियांना ही विद्या नवी नाही. त्यांचा 'काँथा' म्हणजे आपल्या गोधडीची सख्खी बहीण. जीर्ण साड्या आणि धोतरे एकावर एक घालायची, साडीच्याच काठांतून रंगीत धागे काढायचे आणि साध्या धावदोऱ्याने त्यावर कमळ, हत्ती, पालखी, आगगाडी, जे जे पाहिले ते उमटवायचे, अशी ही कला. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) या सनदी अधिकाऱ्याने खेडोपाडी हिंडून असे काँथे आणि इतर लोककलेच्या वस्तू जमविल्या. कोलकात्याजवळ जोका येथे १९६३ मध्ये त्यांच्या संग्रहाचे संग्रहालय उघडले. मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने आपल्या वडिलांसाठी शिवलेला आणि आपल्या नावासह अर्पण केलेला काँथा हे त्या संग्रहाचे एक भूषण मानले जाते. दत्तांच्या पत्नी सरोजनलिनी यांनी स्त्रियांच्या महिला समित्या उभारल्या होत्या. १९२५ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने कोलकात्यात स्थापन झालेल्या संस्थेने स्त्रियांना हस्तव्यवसायाचे शिक्षण देण्याचे कार्य हाती घेतले. हातातील सुई ही केवळ विरंगुळ्याची वस्तू नसून स्वावलंबनाचेही साधन आहे, हे त्या कार्याने दाखविले.

मुलांच्या खेळातही बंगाल आणि महाराष्ट्र यांचे नाते जुळते. 'पुतुल' हा त्यांचा शब्द आणि 'पुतळी' हा आपला, दोन्ही एकाच संस्कृत शब्दाची लेकरे. श्रावणात झुलन यात्रेच्या दिवसांत बंगाली मुले घराच्या कोपऱ्यात वाळूचे रस्ते, विटांचे डोंगर, शेवाळाची राने करून त्यांत मातीची चित्रे मांडतात. दिवाळीत आपल्याकडील मुले दगडमातीचा किल्ला रचून त्यावर अळीव पेरतात आणि मावळे उभे करतात, त्याचेच हे दुसरे रूप. यंदाच्या किल्ल्यावरील पहारेकऱ्याला लोकरीचे घोंगडे का असू नये? आगपेट्यांचा पलंग, नारळाच्या करवंटीची न्हाणी, जुन्या परकराच्या काठाचा पडदा अशी भर घालीत गेल्यास एका सुटीत एक अख्खे घरकुल उभे राहते.

कोलकात्यास जाणे झाले तर चौरंगी रस्त्यावरील नेहरू बालसंग्रहालय मुलांना अवश्य दाखवावे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात रामायण आणि महाभारत यांतील प्रसंग बाहुल्यांच्या मांडणीतून साकारलेले आहेत. दिल्लीस व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये उभारलेल्या बाहुली संग्रहालयात देशोदेशींचे पोशाख ल्यालेल्या बाहुल्या आहेत. एखाद्या प्रदेशाची ओळख मुलाला नकाशापेक्षा बाहुलीच्या पोशाखातून लवकर पटते.

बाहुलीच्या वस्त्राला किती अर्थ येऊ शकतो, याचे एक उदाहरण जगाच्या इतिहासात आहे. १९२७ मध्ये अमेरिकेतील मुलांनी व त्यांच्या पालकांनी मैत्रीची खूण म्हणून १२,००० हून अधिक बाहुल्या जपानी मुलांना पाठविल्या. त्यांतील कित्येकींचे कपडे घरी शिवलेले होते. जपानने उलट भेट म्हणून किमोनो ल्यालेल्या ५८ सुरेख बाहुल्या धाडल्या. पुढे युद्ध पेटले आणि जपानमधील पुष्कळशा बाहुल्या शत्रूच्या म्हणून नष्ट करण्यात आल्या. पण काही लोकांनी त्यांतल्या काही लपवून ठेवल्या, आणि युद्धानंतर त्या पुन्हा उजेडात आल्या. ज्या हातांनी त्या लपविल्या त्यांना एका परक्या मुलीने प्रेमाने नेसवलेली बाहुली शत्रू वाटली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्या मुलाने विणलेला पहिला स्वेटर वाकडा होईल. एक बाही लांब, एक आखूड होईल. मध्येच एखादा टाका सुटून भोक पडेल. तो आपण रात्री गुपचूप उसवून नीट करू नये. भोक दिसले तर ते कसे सांधावे एवढेच दाखवावे, आणि सांधणे न सांधणे त्याच्यावर सोपवावे. वर्षभराने दुसरा स्वेटर पहिल्याशेजारी ठेवून पाहील तेव्हा आपला हात किती सुधारला हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही. आजच पेटी उघडावी, लोकरीचे गुंडे चटईवर ओतावेत आणि पहिला रंग मुलाला निवडू द्यावा.