राणीच्या बागेतला उष्णतेचा हिशेब

मुंबईत भायखळ्याला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. १८६२ साली ते खुले झाले तेव्हा त्याचे नाव व्हिक्टोरिया गार्डन्स होते. गिरगाव, लालबाग, परळची माणसे मात्र अजूनही 'राणीची बाग'च म्हणतात. सुट्टीत मुलांना घेऊन येथे आला नाही असा या भागातला पालक विरळाच. मुले प्राण्यांची नावे पाठ करतात, कोण झोपला आहे आणि कोण खातो आहे ते पाहतात आणि भेळ खाऊन घरी जातात. या वेळी आपण जरा वेगळ्या नजरेने हिंडू या. प्रत्येक पिंजऱ्यापुढे एकच प्रश्न विचारायचा : या प्राण्याच्या शरीरात तयार होणारी उष्णता बाहेर कशी जाते?

दगडी हत्तीपाशी

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. आपला पहिला धडा त्याच्यापाशीच घेऊ.

१ सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. आता बाजू दुप्पट करा. पृष्ठफळ २४ झाले, पण घनफळ ८ झाले. म्हणजे दर घन सेंटिमीटरमागे आधी ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग होता, तो आता ३ च उरला. बाजू दहापट केली तर पृष्ठफळ शंभरपट होते, घनफळ मात्र हजारपट!

उष्णता शरीराच्या आत निर्माण होते आणि कातडीवाटे बाहेर जाते. म्हणून लहान प्राणी लवकर थंड होतो. घरात फिरणाऱ्या चिचुंद्रीला सतत काही ना काही खात राहावे लागते, ते या कारणाने. हत्तीची अडचण नेमकी उलटी असते. उष्णता भरपूर, पण ती बाहेर सोडायला पृष्ठभाग अपुरा. त्याचे मोठे, पातळ, रक्तवाहिन्यांचे जाळे असलेले कान हा जादा पृष्ठभागच होय. गरम चहा आपण बशीत ओततो, तेव्हा वेगळे काय करतो?

पाणघोड्याचे डबके

आता पाणघोड्याकडे चला. पूर्ण वाढलेल्या पाणघोड्याचे वजन दीड टनाच्या आसपास असते. एवढे धूड, आणि दिवसाला साधारण चाळीस किलो गवतावर भागते. स्वतःच्या वजनाच्या मानाने हे तीन टक्केसुद्धा नाही. मोठ्या शरीरातून उष्णता सावकाश जाते, म्हणून इंधनही कमी लागते.

पण एप्रिलच्या दुपारी हाच फायदा संकट ठरतो. पाणघोड्याला आपल्यासारखा घाम येत नाही. त्याच्या कातडीतून एक तांबूस, चिकट द्रव पाझरतो. तो ऊन आणि रोगजंतू यांपासून संरक्षण देतो. पण थंडाव्यासाठी त्याला पाणीच हवे. पाणी हवेच्या वीस पटींहून अधिक उष्णतावाहक आहे. डबक्यात बसलेला पाणघोडा आळशी दिसतो खरा, पण तो आपली उष्णता पाण्याला देत असतो. त्याच्या पिंजऱ्यातले पाणी ही शोभा नव्हे, ती त्याची गरज आहे.

मगर तोंड का उघडते?

मगरीचा हिशेब निराळा आहे. तिच्या शरीराचे तापमान भोवतालावर अवलंबून असते. ती सकाळी काठावर ऊन खाते, तापली की पाण्यात उतरते. कधी जबडा उघडून तासन्‌तास निश्चल पडते. ती भक्ष्याची वाट पाहते आहे असे आपल्याला वाटते. पण तोंडातल्या ओलाव्याचे बाष्पीभवन होऊन डोके थंड राहते, असे शास्त्रज्ञ मानतात. शरीर गरम ठेवण्यासाठी अन्न जाळावे लागत नसल्याने, तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने तिला फार थोडे अन्न पुरते. मात्र तिच्या जागेत ऊन, सावली आणि पाणी तिन्ही हवीत. यांपैकी एक जरी नसले तरी तिचा तोल बिघडतो.

पेंग्विन आणि भायखळ्याची हवा

सर्वांत मोठी गर्दी पेंग्विनच्या काचेपुढे असते. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन येथे आणले गेले आणि मार्च २०१७ पासून ते लोकांना पाहता येऊ लागले. पेंग्विन म्हटले की आपल्याला बर्फ आठवतो; पण हे पेंग्विन बर्फातले नव्हेत. पेरू आणि चिली यांच्या किनाऱ्यावर ते राहतात. नकाशा उघडून पाहा. पेरूची राजधानी लिमा विषुववृत्ताच्या दक्षिणेला १२ अंशांवर आहे, आणि मुंबई उत्तरेला १९ अंशांवर. म्हणजे लिमा आपल्यापेक्षा विषुववृत्ताला जवळ! तरीही तेथला समुद्र थंड असतो, कारण हम्बोल्ट प्रवाह दक्षिणेकडून गार पाणी आणतो आणि खोल समुद्रातले थंड पाणीही तेथे वर येते.

अशा पाण्यात चार-पाच किलोच्या पक्ष्याने टिकायचे तर उष्णता जपायला हवी. दाट पिसांमध्ये हवा अडकून राहते. हवा उष्णतेची दुर्वाहक आहे. पिसांखाली चरबीचा थर असतो. जास्त झालेली उष्णता सोडायला चोचीभोवती उघडी, गुलाबी कातडी असते. अंटार्क्टिकाचा सम्राट पेंग्विन याच्या कितीतरी पट वजनाचा असतो, तर विषुववृत्तावरच्या गालापागोस बेटांवरचा पेंग्विन याच्याहूनही लहान. हवामान जितके थंड, तितके शरीर मोठे, असे पुष्कळदा आढळते. हे बर्गमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ साली सांगितले. आपला घनांचा हिशेब येथेही लागू पडतो.

हे लोकरी जाकीट अंगात घालून भायखळ्याच्या मे महिन्यात राहायचे कसे? म्हणून त्यांच्या दालनाचे तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या सुमारास ठेवतात. शीतयंत्र उष्णता नाहीशी करत नाही. वीज खर्चून ती आतून उपसते आणि बाहेर टाकते. शिवाय मुंबईची हवा दमट. एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना साडेपाचशेहून अधिक कॅलरी उष्णता बाहेर पडते, तीही यंत्रालाच उपसावी लागते.

पण योग्य तापमान मिळाले म्हणजे सारे झाले असे नाही. आठांपैकी एक पेंग्विन ऑक्टोबर २०१६ मध्ये दगावला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी जन्मलेले पहिले पिल्लूही आठवड्याभरात गेले. पुढे येथे पिल्ले जन्मली आणि वाढलीही. पाणी, हवा, अन्न, रोगजंतू, सोबत अशा अनेक गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. उष्णता ही त्यांतली पहिली अट, शेवटची नव्हे.

रानातला प्राणी उकडले की सावलीत जातो, गारठला की उन्हात येतो. तो आपला हिशेब स्वतः सोडवतो. पिंजऱ्यातल्या प्राण्याला जागा बदलता येत नाही, म्हणून त्याचा हिशेब आपल्याला सोडवावा लागतो. आपले उत्तर चुकले तर त्याची किंमत तो मोजतो. प्राणी ठेवायचा की नाही, हे ठरवण्याआधी हा हिशेब आपल्याला जमणार आहे का, हे पाहिले पाहिजे.

करून पाहा

एकाच आकाराची, पण एक लहान आणि एक मोठी अशी स्टीलची दोन भांडी घ्या. दोन्ही काठोकाठ सारख्याच गरम पाण्याने भरा. दर पाच मिनिटांनी तापमापीने तापमान मोजा आणि आलेख काढा. कोणते भांडे चिचुंद्री आणि कोणते पाणघोडा, ते आलेखच सांगेल. मग लहान भांड्याला कापूस गुंडाळून प्रयोग पुन्हा करा, आणि पेंग्विनची आठवण ठेवा.